गडाची चढण आणि उतरण

पुणे पाहावयास येणाऱ्या शालेय सहली बहुधा कसबा पेठेत प्रथम थांबतात. ग्रामदैवत कसबा गणपतीचे दर्शन घ्यावे, जवळचा लाल महाल पाहावा आणि मग सिंहगडाची वाट धरावी, असा क्रम असतो. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आहे. आतकरवाडीहून पायवाटेने गेल्यास सुमारे ६०० मीटर चढावे लागते. मुले धापा टाकीत माथ्यावर पोहोचली, की "आता उतरणेच तेवढे राहिले" असे म्हणून शिक्षक निश्चिंत होतात. ही निश्चिंतता योग्य नव्हे.

चढताना प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार वर उचलावा लागतो. ३० किलोग्रॅम वजनाच्या मुलास ६०० मीटर वर नेण्याचे कार्य सुमारे १,७६,००० ज्यूल भरते. स्नायू खर्चिलेल्या शक्तीपैकी सुमारे चौथा हिस्साच कार्यास लावतात. उरलेली शक्ती उष्णतारूपाने बाहेर पडते. म्हणून घाम येतो, नाडी जलद चालते व श्वास वाढतो. चढण ही मुख्यतः हृदयाची व फुप्फुसांची कसोटी होय.

उतरताना शरीर आपोआप खाली येते. पण त्यास आवरावे लागते. मांडीचे पुढील स्नायू भार सोशीत लांबत जातात व गाडीच्या ब्रेकचे काम करतात. यास प्राणवायू थोडा लागतो, म्हणून धाप लागत नाही. मात्र स्नायूंच्या तंतूंवर ताण अधिक पडतो, त्यांस सूक्ष्म इजा होते आणि एक-दोन दिवसांनी मांड्या दुखतात. गुडघ्यांवरील भारही वाढतो. थकवा आल्याची सूचना धाप देते. उतरणीवर ती सूचनाच मिळत नाही. थकलेले पाय लटपटतात आणि सुट्या मुरुमावरून मूल घसरते.

हे वर्गात सहज दाखविता येते. मुलाने पाण्याची लहान बादली कोपरातून हात वाकवून उचलावी व तितक्याच सावकाश खाली आणावी. खाली आणतानाही दंडाचा स्नायू ताठ राहतो, हे दुसऱ्या हाताने चाचपून त्यास कळेल.

सहलीत पुढील दक्षता घ्यावी :

१. चढताना बोलता येईल इतक्याच गतीने चालावे. ज्या मुलास पूर्ण वाक्य बोलवत नाही, त्यास थांबवावे.

२. माथ्यावर पुरेशी विश्रांती, पाणी व खाणे झाल्यावाचून उतरण्यास आरंभ करू नये.

३. उतरताना धावू देऊ नये. पावले आखूड व गुडघे किंचित वाकलेले असावेत.

४. एक शिक्षक पुढे व एक सर्वांच्या मागे असावा. उतरणीवरही ठराविक अंतराने थांबावे.

५. अंधारापूर्वी पायथा गाठता येईल, अशा बेताने गड सोडावा आणि खाली पोहोचताच हजेरी घ्यावी.