गुरुजींचा दिवस किती तासांचा?

भद्रावती हे गाव तसे फार जुने. भांदक या नावाने ते इतिहासाला ठाऊक आहे, आणि रेल्वेच्या स्थानकावर ते नाव आजही वाचायला मिळते. विजासन टेकडीतील बौद्ध लेणी, भद्रनागाचे देऊळ, पार्श्वनाथाचे जैन तीर्थ अशी तीन धर्मांची पुराणी स्मारके या एका गावात सुखाने नांदत आहेत. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत गावाचा दिनक्रम देवळाच्या घंटेवर चालेनासा झाला आहे. एका अंगाला आयुध निर्माणी उभी राहिली, दुसऱ्या अंगाला माजरीकडच्या कोळशाच्या खाणी वाढल्या, आणि गाव पाळ्यांवर चालू लागले. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. कोणत्या घरात केव्हा दिवा लागेल आणि केव्हा मालवेल, हे त्या घरातला कर्ता पुरुष कोणत्या पाळीला आहे यावर ठरते.

अशा या गावात मी चौतीस वर्षे हायस्कुलात मास्तरकी केली. शेवटची काही वर्षे पर्यवेक्षक होतो, म्हणजे शिकवायचे ते शिकवायचेच, शिवाय साऱ्या शाळेचे वेळापत्रकही बसवायचे. कोणाचा तास कोठे, कोणाची रजा आणि कोणाला बदली तास, या कोड्यात माझी अनेक वर्षे गेली. त्यामुळे वेळेचा हिशेब करण्याची खोड जडली ती सुटत नाही. एकदा एका विद्यार्थ्याचे वडील, खाणीतले कामगार, प्रगतिपुस्तकावर सही करायला आले होते. सहा वाजून गेले होते आणि मी वह्यांच्या ढिगात बसलो होतो. ते म्हणाले, "गुर्जी, आमचा भोंगा वाजला का आमची ड्युटी खतम. तुमचा भोंगा कोन वाजवते?"

मी हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या गृहस्थांचा दिवस कायद्याने मोजलेला होता. तेव्हा लागू असलेला १९५२ चा खाण कायदा सांगत असे की, जमिनीखाली काम करणाऱ्या माणसाकडून दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि घेतलेच तर जादा वेळेला दुप्पट मजुरी द्यावी लागते. कारखान्यातील कामगारालाही १९४८ च्या कायद्याने असेच संरक्षण दिले. मग शाळामास्तराचे काय?

नेमणुकीचा कागद काय सांगतो?

वाचकहो, खासगी शाळेतील शिक्षकाचा आपल्या संस्थेशी असलेला करार म्हणजे त्याचा नेमणुकीचा आदेश. महाराष्ट्रात १९७७ साली खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. त्याचे नियम १९८१ साली आले आणि त्या नियमांना नेमणुकीच्या आदेशाचा एक ठरीव नमुना जोडलेला आहे. त्यापूर्वी मास्तरांची नोकरी बहुतांशी संस्थाचालकांच्या मर्जीवर असे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काढून टाकायचे आणि शाळा उघडली की पुन्हा घ्यायचे, म्हणजे सुट्टीचा पगार वाचला, असले प्रकार जुन्या मंडळींच्या तोंडून मी ऐकले आहेत. या कायद्याने ती टांगती तलवार बरीचशी दूर केली. काढून टाकलेल्या शिक्षकाला दाद मागण्यासाठी शाळा न्यायाधिकरण मिळाले. हा लाभ लहान नव्हे.

पण तो आदेश आपण काढून पाहा. त्यात पदाचे नाव आहे, वेतनश्रेणी आहे, भत्त्यांचा उल्लेख आहे. दोन वर्षांची परिवीक्षा आहे, डॉक्टरी तपासणी आहे, इतक्या दिवसांत होकार कळवा असेही आहे. सेवेच्या अटी कायद्यात व नियमांत असतील त्याप्रमाणे, एवढे एक वाक्य आहे. परंतु शाळेत किती वाजता यावे, किती वाजता जावे, घरी नेलेले काम हे काम समजावे की नाही, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही. लग्नाच्या याद्यांत मानपान सारे लिहावे आणि मुहूर्त तेवढा लिहायचा राहावा, तशातला हा प्रकार!

कामगार कायद्याकडे जावे तर तेही दार बंद. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला की, शाळा हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने उद्योग असला तरी शिक्षक हा त्या कायद्यातील 'कामगार' नव्हे. शिक्षण हे ध्येयाचे काम आहे, मजुरीचे नव्हे, असा त्यामागचा भाव. भाव उदात्त आहे यात शंका नाही. पण ध्येयाला घड्याळ नसते, ही त्यातली खरी अडचण आहे.

वर्ध्याचे वेळापत्रक आणि पंचेचाळीस तास

आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९३७ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम जन्माला आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मुलांच्या दिवसाचे जे वेळापत्रक आखले, ते साडेपाच तासांचे होते. त्यातले तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला आणि बाकीचा वेळ मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, व्यायाम वगैरेंना. इतक्या बारकाईने मिनिटे वाटणारी ही योजना होती. पण ते वेळापत्रक मुलांचे होते. आपल्याकडे शाळेचा दिवस म्हणजे मुलांचा दिवस, अशीच समजूत चालत आलेली आहे. मुले घरी गेली की गुरुजी मोकळे!

शिक्षकाच्या तासांचा आकडा कायद्याच्या पुस्तकात स्पष्टपणे आला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितले आहे. शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास आहेत, आणि त्यात पाठाची तयारी धरलेली आहे. हे शेवटचे चार शब्द मला मोलाचे वाटतात. घरी बसून केलेली तयारी हे कामच आहे, अशी कबुली त्यांत आहे. मात्र हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीचे वर्ग, ज्यांच्यावर शाळेचा निकाल आणि संस्थेची अब्रू अवलंबून, ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

आता थोडे गणित करू. शाळा अकरा ते पाच. सोमवार ते शुक्रवार तीस तास. शनिवारी सकाळची शाळा, चार तास. झाले चौतीस. म्हणजे तयारीला उरले अकरा तास. भाषेच्या शिक्षकाकडे पन्नास मुलांच्या चार तुकड्या असल्या तर दोनशे वह्या होतात. एका वहीला तीनच मिनिटे दिली, तरी सहाशे मिनिटे, म्हणजे दहा तास लागले. राहिला एक तास. त्यात टाचण काढायचे, प्रश्नपत्रिका काढायच्या, निकालपत्रके भरायची, सरकारला हवी ती माहिती पाठवायची आणि आजारी मुलाच्या घरी जाऊन यायचे. मधली सुट्टी विश्रांतीची म्हणावी, तर आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत भोजन मिळते आणि त्यावर देखरेख असतेच. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. बेरीज मांडून दाखवतो, इतकेच.

निवडणूक, जनगणना आणि एस. टी.

याशिवाय राष्ट्रकार्य आहे. शिक्षण हक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम म्हणते की, जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर बिगरशैक्षणिक काम देऊ नये. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, निवडणुकीची कामे सामान्यतः सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी घ्यावीत. म्हणजे मुलांचा तास वाचला, हे योग्यच झाले. पण गेली ती गुरुजींची सुट्टी! चंद्रपुरात लोकसभेचे मतदान १९ एप्रिल २०२४ रोजी झाले. आमच्याकडचे एप्रिलचे ऊन ज्याने अनुभवले आहे, त्याला अधिक सांगायला नको. पलीकडे गडचिरोलीत तर मतदानपथके हेलिकॉप्टरने दुर्गम केंद्रांवर पोचवावी लागतात.

आणि आमच्या भागात शाळा सुटण्याची वेळ घड्याळाबरोबरच एस. टी. ठरवते. खेड्यांतली निम्मी मुले गाडीने येणारी. ताडोब्याचे जंगल दूर नाही, आणि हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. शेवटची गाडी चुकलेली मुलगी शाळेच्या दारात उभी असताना कोणत्या शिक्षकाला आपली वेळ संपली म्हणून घरी जाता येईल? एखाद्या गाडीवाल्याला विनंती करून तिची सोय लागेपर्यंत थांबणे हे कोणत्याही करारात लिहिलेले नाही. पण ते चौतीस वर्षांत कोणी टाळल्याचे मला आठवत नाही.

एका शिक्षण सेविकेचा प्रश्न

पण आपखुशीने थांबणे निराळे आणि थांबवून घेणे निराळे. २०१० च्या डिसेंबरातली हकीकत सांगतो. शाळेचे व माणसांचे नाव सांगण्याचे कारण नाही. दहावीचा निकाल वाढला पाहिजे, म्हणून वरून फर्मान आले की, सर्व नव्या शिक्षकांनी रोज साडेसहापर्यंत जादा वर्ग घ्यावेत. नवे शिक्षक म्हणजे शिक्षण सेवक. राज्यात ही योजना २००० साली सुरू झाली. तीन वर्षे ठरीव मानधनावर काम करायचे आणि मग कायम व्हायचे. हायस्कुलातील शिक्षण सेवकाचे मानधन तेव्हा महिन्याला चार हजार रुपये होते. पुढे ते आठ हजार झाले आणि २०२३ च्या जानेवारीपासून अठरा हजार. तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत या मंडळींच्या तोंडाला कुलूप असते, हे फर्मान काढणाराला पक्के ठाऊक होते.

त्यातली एक मुलगी, गणिताची उत्तम शिक्षिका, माझ्याकडे आली. वीस किलोमीटरवरच्या खेड्यातून ती जाऊन-येऊन करी. तिची शेवटची गाडी पावणेसहाची. घरी दोन वर्षांचे लेकरू आणि अंथरुणाला खिळलेली सासू.

"सर, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण हे कोणत्या नियमात आहे, तेवढं दाखवा. नियम असेल तर मी गावातच खोली घेते. चार हजारांत कसं भागवायचं ते माझं मी बघीन."

मी कायदा, नियम आणि माध्यमिक शाळा संहिता अशी तिन्ही पुस्तके टेबलावर मांडली. दोन संध्याकाळी आम्ही ती चाळली. साडेसहापर्यंत थांबवा असे कोठे सापडले नाही आणि थांबवू नका असेही स्पष्ट शब्दांत सापडले नाही. तेव्हा मी मुख्याध्यापकांना एवढेच म्हणालो, "साहेब, तोंडी हुकमाने वेळापत्रक बसत नाही. हे जादा तास मला लेखी द्या. कोणाला किती, कोणत्या दिवशी आणि त्याबदली कोणता तास कमी, हे लिहून द्या. मी बसवतो."

लिहून देण्याची वेळ आली, तेव्हा फर्मानातली हवा गेली. शिक्षकांची सभा झाली. जादा वर्ग सकाळी दहा ते पावणेअकरा ठरला. जुने-नवे सारे शिक्षक आळीपाळीने तो घेऊ लागले आणि ज्याचा वर्ग असेल त्याचा त्या दिवशीचा एक तास कमी झाला. मुलांनाही तो मानवला. संध्याकाळी भुकेल्या पोटी गणित डोक्यात शिरत नाही, हे त्यांना आमच्याआधी कळले होते. ती शिक्षिका पुढे कायम झाली. दहावीचे गणित अनेक वर्षे तिच्याकडेच होते.

परदेशी काय करतात?

हा प्रश्न काही आपल्याच देशाचा नाही. इंग्लंडात १९८४ पासून दोन-अडीच वर्षे शिक्षकांचे तंटे चालले. अखेर १९८७ साली सरकारने आकडाच घालून दिला. वर्षाला १९५ दिवस आणि मुख्याध्यापकाच्या हुकमाखाली १२६५ तास. त्यापलीकडे वह्या तपासणे वगैरे काम आवश्यक तेवढे, असे शेपूट मात्र राहिले. पुढे २००५ पासून अध्यापनाच्या वेळेचा दहावा हिस्सा शाळेतच तयारीसाठी मोकळा मिळू लागला. न्यूयॉर्कच्या शिक्षकांनी संप करून १९६२ साली शहराशी पहिला मोठा करार केला आणि पुढच्या करारांत शाळेचा दिवस तासा-मिनिटांत लिहिला गेला. जपानने १९७१ साली निराळीच युक्ती काढली. जादा तासांचा हिशेब नको, त्याऐवजी पगाराच्या चार टक्के सरसकट घ्या! परिणाम असा झाला की, तास मोजायचे नसल्याने ते वाढतच गेले. शेवटी २०२५ साली कायदा बदलून ते चार टक्के हळूहळू दहावर नेण्याचे ठरले.

यातून घ्यायचा बोध असा की, नुसता आकडा लिहून भागत नाही आणि आकडा न लिहूनही भागत नाही. १९६६ साली युनेस्को व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी शिक्षकांच्या दर्जाबद्दल एक शिफारसपत्र स्वीकारले. कामाचे तास शिक्षकांच्या संघटनांशी विचारविनिमय करून ठरवावेत आणि ठरवताना विद्यार्थ्यांची संख्या, पाठाची तयारी, वह्या तपासणे, पालकांच्या भेटी हे सारे जमेस धरावे, असे त्यात म्हटले आहे.

माझे मागणे याहून फार मोठे नाही. नेमणुकीच्या त्या आदेशात तीन ओळी वाढवाव्यात. आठवड्याला अध्यापनाचे तास किती, शाळेत हजर राहण्याचे तास किती आणि तयारीला धरलेले तास किती. जादा काम पडले तर ते लेखी असावे आणि त्याची भरपाई दुसऱ्या तासाने व्हावी. यासाठी सरकारी तिजोरीला फारसा भार पडणार नाही. शाईच काय ती लागेल.

काही पालक म्हणतील, घड्याळ पाहून शिकवणारा तो कसला गुरू? त्यांना माझे नम्र सांगणे आहे. ज्या शिक्षिकेला आपली शेवटची गाडी मिळेल की नाही याची धास्ती असते, तिचे निम्मे चित्त खिडकीबाहेर असते. ज्याला आपला दिवस कोठे संपतो हे ठाऊक असते, तो त्या दिवसातला प्रत्येक तास पुरता मुलांना देऊ शकतो. वेळेपलीकडचे देणे तो देईलच. आजवर देत आला आहे. पण ते देणे आहे, येणे नव्हे, एवढी जाण घेणाराने ठेवली म्हणजे पुष्कळ झाले.