जुना ॲम्प्लिफायर आणि बदली ट्रान्झिस्टर



संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने यंत्राच्या पोटात हात का घालावा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. अनेक वर्षे गेटसभा घेतल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. मागच्या रांगेला भाषण ऐकू गेले नाही, तर तेथे भाषणाऐवजी अफवा पोचते. म्हणून ध्वनिवर्धकाची विद्या मी शाळेबाहेरच, पण मन लावून शिकलो.

उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तेथे एक जुना ॲम्प्लिफायर आहे. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो आणला. तो विजेवर चालतो, तसाच मोटारीच्या बारा व्होल्ट बॅटरीवरही चालतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळीये येथे आणि पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी वीज जाते, मोबाइल मुके होतात. मग गावाला हाक घालण्यास बॅटरीवरचा कर्णाच उरतो. त्या पावसाळ्यानंतर आम्ही हा ॲम्प्लिफायर लावून पाहिला, तो बंद! एका कारागिराने आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर बदलून दिले. त्याच संध्याकाळी तेही जळाले.

गिरणीत बदली कामगार असत, हे आपणांस ठाऊक आहेच. एकाच यंत्रावर एकामागून एक दोन माणसे जखमी झाली, तर तिसरा बदली पाठवण्याआधी यंत्र तपासावे लागते. ट्रान्झिस्टरचेही तसेच आहे. आमच्या गावी सोळा ओहमचे चार कर्णे समांतर जोडून आठ ओहमच्या टोकाला लावले होते. सोळाचे दोन समांतर म्हणजे आठ ओहम, आणि चार समांतर म्हणजे फक्त चार ओहम. भार दुप्पट झाला. ते कर्णे जोडणारा मीच होतो, हेही सांगितले पाहिजे.

आता हे दोन ट्रान्झिस्टर करतात काय? दोन माणसांची करवत आठवा. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो. ध्वनिलहरीचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर ओढतो, उरलेला दुसरा. पण एकाने पूर्ण सोडल्यावर दुसऱ्याने धरले, तर मध्ये हिसका बसतो, आणि हळू आवाजात बोलणे खरखरते. म्हणून दोघांनाही थोडा प्रवाह सतत देऊन ठेवतात. यालाच बायस म्हणतात. तो जास्त झाला, तर ट्रान्झिस्टर तापतो, तापल्याने प्रवाह आणखी वाढतो, आणि अखेर तो जळतो.

बदली निवडतानाही सावध राहावे. फार जुन्या यंत्रांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतात. ते ०.२ ते ०.३ व्होल्टवर जागे होतात; सिलिकॉनला सुमारे ०.६ लागतात. तेथे बायस बदलल्याशिवाय सिलिकॉन बसवू नये. आमचे होते टू-एन-३०५५, म्हणजे सिलिकॉनच. पण या क्रमांकाचे जुने ट्रान्झिस्टर मंद होते, आजचे अधिक चपळ आहेत. जुन्या मंडलात ते कधी ऐकू न येणारी कंपने काढून स्वतःच तापतात. शिवाय बाजारात नकली मालही आहे : डबा मोठा, आतला तुकडा लहान. क्रमांक वाचून भागत नाही. खात्रीच्या दुकानातून एकाच जातीची जोडी घ्यावी.

बसवताना जुना फाटका अभ्रक बदलावा आणि दोन्ही बाजूंस उष्णतावाहक मलम लावावे. या ट्रान्झिस्टरचे धातूचे कवच हाच त्याचा कलेक्टर असतो. म्हणून कवच आणि उष्णता सोडणारी पट्टी यांचा विद्युतसंबंध नाही, हे मीटरने पाहावे. प्रथम वीज देताना जुन्या पद्धतीचा तारेचा शंभर वॅटचा दिवा सिरीजमध्ये ठेवावा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. तेजाने जळतच राहिला, तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करावे. मग बायस मोजावा. एमिटरच्या अर्ध्या ओहमच्या रोधावर १५ मिलिव्होल्ट दिसले, म्हणजे ३० मिलिॲम्पियर. अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. आकडा चढतच असेल, तर काम पुरे झालेले नाही.

आमचा आकडा स्थिर राहिला. आता त्या ॲम्प्लिफायरवर दोनच कर्णे असतात, आणि पावसाळ्याआधी बॅटरी भरून ठेवली जाते. शेवटच्या घरातल्या म्हातारीला हाक ऐकू गेली की नाही, हे तिच्या दारात जाऊन विचारण्याचा आमचा परिपाठ आहे. ती हो म्हणाली, म्हणजे दुरुस्ती झाली.