दंतवल्क पुनराकारण

दंतवल्क पुनराकारण म्हणजे दाताच्या बाहेरील कठीण आवरणाचा, अर्थात दंतवल्काचा, अल्पसा थर घासून काढून दाताची लांबी, कड किंवा आकार बदलण्याची दंतवैद्यकीय प्रक्रिया होय. तिला एनॅमेलोप्लास्टी असेही म्हणतात. वरचे मधले दोन पटाशीचे दात लांब दिसतात म्हणून हसताना तोंडावर हात धरणारी किशोरवयीन मुले-मुली अनेकदा तिची मागणी करतात. प्रक्रिया सोपी व बहुधा वेदनारहित असते. परंतु काढलेले दंतवल्क पुन्हा तयार होत नाही, कारण ते बनविणाऱ्या पेशी दात तोंडात उगवेपर्यंत नाहीशा झालेल्या असतात.

== दात लांब दिसण्याची कारणे ==

वरचे मधले पटाशीचे दात साधारणतः ७ ते ८ व्या वर्षी येतात. ते येतानाच प्रौढ आकाराचे असतात. चेहरा मात्र लहान मुलाचा असतो. वरच्या ओठाची वाढ जबड्याच्या मागे रेंगाळते आणि किशोरवयात ही तूट भरून निघते, त्यामुळे बाराव्या वर्षी उघडे दिसणारे दात काही वर्षांनी आपोआप कमी दिसू लागतात. सुळे ११ ते १२ व्या वर्षी येतात, तेव्हा पुढच्या दातांमधील फटीही बऱ्याचदा मिटतात.

अनेकदा तक्रार लांबीची असते आणि कारण वेगळेच असते. अंगठा चोखण्याच्या सवयीने पुढे आलेले दात कड घासून मागे जात नाहीत. तेथे दात सरळ करण्याचे उपचार, म्हणजे तारा लावणे, योग्य ठरते. शेजारचे दात जन्मतः बारीक असल्यास मधले दात उगाच मोठे भासतात. अशा वेळी बारीक दातांवर दातांच्या रंगाचे कॉम्पोझिट चढविणे अधिक शहाणपणाचे असते, कारण ते पुढे काढता येते.

== प्रक्रिया ==

प्रथम क्ष-किरण चित्रातून दंतवल्काची जाडी आणि आतील दंतमज्जेची मर्यादा पाहिली जाते. किशोरवयात दंतमज्जा मोठी व कडेच्या अधिक जवळ असल्याने ही पायरी टाळता येत नाही. काढावयाचा भाग काळ्या पेन्सिलीने रंगवून रुग्णाला आरशात दाखवितात. तेवढ्यावरच काहींचा विचार बदलतो. नंतर हिऱ्याचे कण बसविलेल्या बारीक बराने किंवा चकतीने कड घासून गुळगुळीत करतात आणि फ्लोराइडचा लेप देतात. दंतवल्कात जिवंत पेशी वा चेतातंतू नसल्यामुळे बधिरीकरणाची गरज सहसा पडत नाही. एका वेळी काढला जाणारा थर बहुधा १ मिमी.पेक्षा कमी असतो. त्याखालील दंतिन उघडे पडल्यास थंड-गरम पदार्थांनी दात शिवशिवतात.

नव्याने उगवलेल्या दातांच्या कडेवरील तीन उंचवटे, तसेच किंचित तुटलेली कड, यांसाठी ही प्रक्रिया विशेष उपयुक्त आहे.

== मर्यादा ==

खालचा जबडा पुढे सरकताना वरच्या पटाशीच्या दातांवरून घसरत जातो, म्हणून त्यांची लांबी केवळ शोभेची बाब नाही. दंतोष्ठ्य ‘व’ उच्चारतानाही वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकते.

व्हिग आणि ब्रुंडो यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओठ सैल असताना स्त्रियांचे वरचे मधले दात सरासरी ३.४० मिमी., तर पुरुषांचे १.९१ मिमी. दिसत असल्याचे आढळले. वयानुसार ओठ खाली उतरतो व दातांचे हे दर्शन घटत जाते. पंधराव्या वर्षी आखूड केलेले दात चाळिशीत ओठाआड जाऊ शकतात. त्यामुळे चेहऱ्याची वाढ होईपर्यंत थांबणे बऱ्याचदा हिताचे ठरते. अर्थात, चिडवणुकीमुळे हसणेच सोडलेल्या मुलाला नुसते ‘थांब’ सांगणे पुरेसे नसते. तेथे कॉम्पोझिटसारखा परत फिरविता येणारा उपाय आधी करून पाहता येतो.

नखांच्या कानशीने घरीच दात घासण्याचे व्हिडिओ २०२० च्या सुमारास टिकटॉकवर पसरले होते. घरी थराची खोली कळत नाही व कडेला सूक्ष्म तडे जाऊ शकतात.

== बालीमधील प्रथा ==

इंडोनेशियातील बाली बेटावरील हिंदूंमध्ये वयात आलेल्या मुलामुलींचे वरचे सहा दात, म्हणजे चार पटाशीचे व दोन सुळे, विधिपूर्वक घासून समतल करतात. या संस्काराला मेपांदेस किंवा मेताताह म्हणतात. सहा दात काम, क्रोध, लोभ, मोह, मद व मत्सर या षड्रिपूंचे प्रतीक मानले जातात. येथे हेतू सौंदर्यापेक्षा संस्काराचा असतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी दात प्रतीकात्मकच घासले जातात.