बाबा, लेथ आणि त्सोब्लिट्सचा दगड

मागच्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे फ्रायबर्गला आले. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी. "बाबा, आता इकडेच राहा ना," हा विषय मी रोज काढायचे आणि ते रोज चहा ढवळत गप्प बसायचे.

एका रविवारी त्यांना एर्झगेबिर्गे डोंगररांगेतल्या त्सोब्लिट्सला नेलं. इथला सर्पेंटाइन नावाचा हिरवट-काळा दगड शेकडो वर्षं लेथवर कातला जायचा. त्याचे प्याले, डब्या संग्रहालयात मांडल्या आहेत. पिंपरीच्या कारखान्यात टर्नर म्हणून आयुष्य काढलेले बाबा काचेला नाक लावून उभे! "दगड लेथवर? आणि हे लाल ठिपके कसले? इथे टूल अडकत असणार बघ."

अगदी बरोबर. ते ठिपके गार्नेटचे, दगडाहून बरेच कठीण.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. या दगडाचा जेमतेम 0.03 मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मध्ये फिकट गुलाबी गार्नेट, भोवती तपकिरी कडा. "ही कड नीट बघा," म्हटलं.

शाळेच्या भूगोलातलं प्रावरण आठवतंय? हा खडक मूळचा तिथला. खोलवर, प्रचंड दाबाखाली गार्नेट आणि ऑलिव्हिन शेजारी सुखाने नांदतात. खडक तापलेला असतानाच वर सरकला, दाब उतरला, की दोघांच्या सीमेवर रासायनिक क्रिया होते. त्यातून पायरॉक्सिन आणि स्पिनेल ही नवी खनिजं एकमेकांत बोटं गुंफल्यासारखी वाढतात. या कडेला केलिफाइट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ टरफल. खडक वेळेत थंड झाला म्हणून आतलं गार्नेट शिल्लक राहिलं. पुढे पाणी मुरून ऑलिव्हिनचं मऊ सर्पेंटाइन झालं, म्हणून तर तो लेथवर चढला.

बाबा बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "म्हणजे कड बदलली, पण आतला दाणा तोच राहिला. असला दगड आपल्याकडे नाही का गं?"

"आहे ना. मुरूड-जंजिऱ्याजवळ लॅम्प्रोफायर नावाच्या खडकात प्रावरणाचे तुकडे सापडतात."

"मग झालं तर. दिवाळीत तू ये. आपण मुरूडला जाऊ."

तीन महिने विचारत होते, त्याचं उत्तर मला मिळालं. मी तिकीट काढलंय.