नळाच्या भिंतींतील नाद

माझ्या लहानपणीं कल्याण स्थानकांत गाडी उभी राहिली कीं, लांब दांड्याची हातोडी घेतलेला रेल्वेचा एक माणूस चाकांवर टोले देत पुढें जाई. चाक धड असेल तर खणखणीत नाद निघे. त्यास तडा गेला असेल तर आवाज बद्द येई. "बाजारांत मडकें घेतांना आई टिचकी मारते, तसेंच हें," असें वडील सांगत. आज ज्या युक्तीविषयीं बोलावयाचें आहे, तिचें मूळ या टिचकींतच आहे.

आपला ठाणें जिल्हा नळांचा जिल्हा आहे. तानसा तलावाचें पाणी १८९२ सालापासून येथूनच मुंबईस जातें. आणि डोंबिवलीच्या कारखान्यांतून पाणी, वाफ व रसायनें यांचे नळ वळणें घेत गेलेले असतात. आंतून चढणारा गंज डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु नळ फुटला म्हणजे त्याची झळ कामगारांस व शेजारच्या वस्तीस लागते.

सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडील ध्वनि आपणांस ऐकूं येत नाहीं. या किंवा याच्या आसपासच्या कंपनांची लहर, नळाभोंवतीं कडें बसवून, त्याच्या भिंतींत सोडतात. भिंतच तिला वाट दाखविते; म्हणून ती कित्येक मीटर दूर जाते. पत्र्यांतील अशा लहरींचें गणित होरेस लॅम यांनीं १९१७ सालीं मांडलें. नळांच्या तपासणीची रीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत १९९० नंतर विकसित झाली.

पोलादांत पिळाची लहर सेकंदास सुमारें ३,२०० मीटर जाते. प्रतिध्वनि एक शतांश सेकंदांत परतला, तर जाऊन-येऊन ३२ मीटर झाले. अर्थात् दोष १६ मीटरांवर आहे. पाणी पीळ धरीत नाहीं. त्यामुळें नळ भरलेला असला तरी अडत नाहीं.

खरी अडचण वळणावर येते. शाळेंत कवाईत करतांना रांग वळली म्हणजे बाहेरच्या मुलास लांब पावलें टाकावीं लागतात. तो मागें पडला कीं रांग मोडते. लहरीचेंही तसेंच होतें. वळणाची बाहेरची बाजू लांब, आंतली आंखूड. त्यामुळें लहरीची रांग मोडते, तिचा कांहीं भाग निराळ्या वेगाच्या लहरींत पालटतो, आणि पलीकडील प्रतिध्वनि घोटाळ्याचे होतात. नळ वांकवितांना बाहेरची भिंत आधींच पातळ झालेली असते. प्रवाहांतील रेतीही बहुधा तेथेंच घांसते. म्हणजे जेथें धोका अधिक, तेथेंच ऐकणें कठीण!

म्हणून जाणते लोक वळणाच्या दोन्ही अंगांस कडें बसवून ऐकतात. आणि ही लहर दोषाची जागा सांगते, उरलेली जाडी नेमकी सांगत नाहीं, हें ओळखून संशयाच्या जागीं जवळून जाडी मोजतात. मडकें घेतांना आईही एकाच टिचकीवर विसंबत नसे. तें फिरवून, चहूंबाजूंनीं वाजवून मगच पैसे देई.