क्लाउडची मास्टर किल्ली कोणाकडे आहे? रूट अकाउंटची तपासणी ऑटोमॅटिक करा!



भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्येही आता बिलिंग, स्टॉक, ग्राहकांची ड्रॉइंग्ज क्लाउडवर असतात. गाळ्याच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे तुम्हाला पाठ असतं. मग क्लाउडची किल्ली?

एडब्ल्यूएसवर खातं उघडताना जो ईमेल दिला, तोच तुमचा ‘रूट युजर’. सर्व्हर पुसणं, बॅकअप उडवणं, खातंच बंद करणं, सगळे अधिकार त्याला. रोजच्या कामाला तो वापरायचाच नसतो.

एवढं काय बिघडतं?

जून 2014 मध्ये कोड स्पेसेस या परदेशी कंपनीच्या एडब्ल्यूएस कंट्रोल पॅनलचा हल्लेखोराने ताबा घेतला आणि पैसे मागितले. कंपनीने पासवर्ड बदलायला घेतले, तर त्याने आधीच बनवलेल्या दुसऱ्या लॉगिनने डेटा आणि बॅकअप पुसले. सुमारे 12 तासांत खेळ खलास. कंपनी बंद पडली.

आणि चोर सुट्टी बघून येतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला सुरू झाला 11 ऑगस्ट 2018 ला, दुसऱ्या शनिवारी. सुमारे 94 कोटी गेले. तिथला प्रकार क्लाउड खात्याचा नव्हता, पण धडा आपल्यालाही लागू आहे: पहारा माणसाच्या आठवणीवर ठेवू नका.

तीन गोष्टी तपासा

1. रूटवर एमएफए, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू आहे का?
2. रूटच्या नावाने अ‍ॅक्सेस की आहे का? ती असताच कामा नये.
3. रूटने शेवटचं लॉगिन कधी झालं? ते तुम्ही केलं होतं का?

आयएएममधून ‘क्रेडेन्शियल रिपोर्ट’ डाउनलोड करा. रूटच्या ओळीत तिन्ही उत्तरं मिळतात.

आता हे मशीनवर सोपवा

पहिले दोन मुद्दे ‘एडब्ल्यूएस कॉन्फिग’चे तयार नियम रोज तपासू शकतात. त्याला थोडा खर्च येतो. ‘प्राउलर’ हे ओपन सोर्स टूलही ठरलेल्या वेळी चालवता येतं.

तिसऱ्यासाठी क्लाउडट्रेल, इव्हेंटब्रिज आणि एसएनएस जोडून घ्या. रूटने लॉगिन केलं की लगेच तुम्हाला मेल. इथे बरेच जण फसतात: सर्व्हर मुंबई रीजनमध्ये असला तरी रूट लॉगिनची नोंद नॉर्थ व्हर्जिनियात होते. म्हणून नियम तिथेच लावायला सांगा. मग स्वतः एकदा रूटने लॉगिन करून बघा. मेल आला, तरच काम झालं समजा.

मशीन जे सांगणार नाही

खातं तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं असेल, तर सगळे रिपोर्ट हिरवे दिसतील आणि मालक मात्र तोच राहील! त्याच्याशी व्यवहार बिनसला तर डेटा सोडवणार कसा? म्हणून रूटचा ईमेल आणि मोबाइल नंबर कंपनीच्या ताब्यातला हवा. त्या मेलबॉक्सलाही एमएफए लावा. बॅकअपची एक प्रत वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे एका किल्लीने दोन्ही कुलपं उघडणार नाहीत.

आजचा गृहपाठ एकच: आयटीवाल्याला फोन लावा आणि विचारा, “आपला रूट ईमेल कोणता?” उत्तर द्यायला तो अडखळला, तर पुढचं काम तिथूनच सुरू करा.