ऑपरेशनची तारीख आणि शेवटची सिगारेट

घरात कुणाचे ऑपरेशन ठरले की तयारीला ऊत येतो. रजेचा अर्ज जातो, विम्याचे कागद शोधले जातात, गावाहून मावशीला बोलावणे धाडले जाते, डबा कुणी न्यायचा आणि रात्री कुणी निजायचे याच्या पाळ्या लागतात. एक तयारी मात्र बहुधा राहून जाते. ज्यांचे ऑपरेशन व्हायचे ते गृहस्थ हळूच जिन्याखाली जाऊन सिगारेट ओढून येतात. आणि आधीच बिचाऱ्यांच्या जिवाला घोर, त्यात आणखी कशाला बोला, म्हणून घरची मंडळी गप्प बसतात. ही दया फार महागात पडते.

भूल देणारे डॉक्टर तपासायला येतात तेव्हा ‘विडी-सिगारेट ओढता का?’ हे हटकून विचारतात. उत्तरही ठरलेले. ‘क्वचित. दोन-चार.’ (दोन-चार म्हणजे किती, हे मागे उभ्या असलेल्या सौभाग्यवतींना पक्के ठाऊक असते. त्यांनी तेथे खुशाल तोंड उघडावे!) डॉक्टर हा प्रश्न नीतिपाठ द्यायला विचारीत नाहीत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. मग टाके घातलेल्या जखमेला रक्त कमी पोचते, ती लवकर भरत नाही, चिघळण्याची भीती वाढते. श्वासनळीतला कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस धुराने निकामी होतात आणि कफ छातीत साचून राहतो. हर्नियाच्या ताज्या टाक्यांवर खोकल्याची उबळ आली म्हणजे काय होते, हे पोटाशी उशी आवळून ज्याने रात्र काढली आहे त्यालाच विचारावे.

डेन्मार्कमधल्या तीन रुग्णालयांत याची रीतसर परीक्षा झाली. तिचा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. खुबा किंवा गुडघा बदलायला आलेल्या १२० धूम्रपान करणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला ऑपरेशनच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून सल्ला आणि निकोटिनची औषधे देऊन सिगारेट सोडायला, निदान निम्म्यावर आणायला मदत केली. दुसऱ्याला नेहमीप्रमाणेच वागवले. या दुसऱ्या गटात शंभरांतल्या ५२ जणांना ऑपरेशननंतर काही ना काही उपद्रव झाला. मदत मिळालेल्यांत अवघ्या १८ जणांना. जखमेच्या तक्रारी तर एकतीस टक्क्यांवरून पाचांवर आल्या. यात नवी शस्त्रे नव्हती की महागडी यंत्रे नव्हती. कुणीतरी पाठीशी उभे राहिले होते, एवढेच.

‘आता आठच दिवस उरलेत, ऐन वेळी सोडली तर उलट अपाय होतो म्हणतात!’ हेही आपण ऐकले असेल. या समजुतीला जुन्या काही निरीक्षणांचा आधार दिला जात असे. परंतु पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा, २०११ साली, तसा अपाय दिसून आला नाही. चार आठवडे किंवा त्याहून अधिक मिळाले तर उत्तमच. पण कार्बन मोनॉक्साइड दिवसभरात बराचसा ओसरतो, तेव्हा आदल्या दिवशी सोडली तरी पदरात काही पडतेच. आणि अपेंडिक्सने मध्यरात्री उचलून नेले, तर निदान नंतरची जखम भरेपर्यंत तरी ती दूर ठेवावी.

‘अहो, मोठेमोठे डॉक्टरसुद्धा ओढतात!’ हा युक्तिवाद शेवटी येतोच. त्यावर अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉ. इव्हार्ट्‌स ग्रॅहॅम यांची हकीकत सांगावी. कर्करोग झालेले अख्खे फुफ्फुस एका बैठकीत काढून रोगी जगवण्याचा पराक्रम त्यांनी १९३३ साली केला. ते स्वतः सिगारेटचे भोक्ते होते. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा निबंध त्यांनीच १९५० साली एका तरुण सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केला, आणि पुढे सिगारेट सोडली. १९५७ साली ते त्याच रोगाने वारले. ते फुफ्फुस ज्याचे काढले होते तो रोगी त्यांच्यामागेही जगला.

आता घरच्यांनी काय करायचे? कटकट मुळीच नको. सिगारेट माणूस कटकटीवरच पेटवतो! तारीख ठरली त्याच संध्याकाळी राखदाणी, काडेपेटी, लायटर घरातून काढावे. पहिले दोन-तीन दिवस माणूस चिडका होतो, झोप उडते. हा त्याचा स्वभाव नव्हे, निकोटिनची ओढ आहे, हे मुलांनाही सांगून ठेवावे. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग, गार पाणी, नाही तर गच्चीवर दोन फेऱ्या. चहानंतरची सिगारेट सर्वांत चिवट. तिच्यासाठी काही दिवस चहाची जागाच बदलावी. निकोटिनचे च्युइंगम किंवा कातडीला लावायची पट्टी मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. सरकारची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही २०१६ पासून आहे. एखादे दिवशी पाय घसरलाच, तर पंचनामा न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. इस्पितळात भेटायला येणाऱ्या मित्रमंडळींवर मात्र नजर ठेवावी. मोसंब्यांच्या पिशवीच्या तळाशी काय येईल याचा नेम नाही.

आपल्याकडे आणखी एक मेख आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्याही आत निघाले, पण तोंडात तंबाखू धरणारे चोवीस टक्क्यांवर! चुना-तंबाखूत धूर नसला तरी निकोटिन आहेच. आणि सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री लावणाऱ्या आजींना ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारले तर त्या पदर सावरून हसतील आणि ‘नाही गं बाई!’ म्हणतील. मोतीबिंदू असो की पित्ताशय, आजींना घेऊन जाल तेव्हा मिश्रीची गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आणि ती डबी सामानातून आधीच काढून ठेवा; दुसरी डबी बहुधा उशीच्या अभ्र्यात असते.